उधन्याची सोनोग्राफी, अमळनेरचं बाळंतपण

सुरतेहून भुसावळकडे जाणारा ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग उधन्याला मुंबईच्या मार्गापासून फुटतो आणि तिथून खानदेश सुरू झाल्यासारखंच वाटतं. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून यंत्रमागावर आणि कापडबाजारात कामाला आलेली मराठी कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. सुरत महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळाही चालवते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज या कुटुंबांनी गावाहून येताना सोबत आणला. त्यामुळे गरोदरपणाचे पहिले सहा-सात महिने सुरतेतल्या डॉक्टरकडे जातात आणि शेवटचे दोन अमळनेर, शिरपूर किंवा नंदुरबारच्या डॉक्टरकडे. हे दोन डॉक्टर एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांचं जे काही बोलणं होतं ते प्लास्टिकच्या पिशवीतल्या फायलीतून. त्या फायलीत सोनोग्राफीचे कागद किती आहेत, याला फारसं महत्त्व नाही. ते कितव्या आठवड्यातले आहेत, यावर मात्र पुढचं बरंच काही ठरतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्या गरोदरपणात काही गुंतागुंत नाही, तिथे दोन सोनोग्राफ्या पुरतात, पण त्या ठरल्या वेळीच व्हायला हव्यात. तिसरी किंवा चौथी करायची तर प्रत्येकीला स्वतंत्र कारण हवं, आणि ते कारण बाईला नीट सांगता आलं पाहिजे.

पहिली सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या अवधीतली. अनेकींना ही सोनोग्राफी ‘बाळ अजून दिसणार तरी काय’ म्हणून अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात सगळ्यांत टिकाऊ माहिती तीच देते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आई उंच की बुटकी, खाऊनपिऊन सुखी की अशक्त, याचा त्या वाढीवर फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली की बाळाचं वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या चालीने वाढू लागतं, आणि २८ आठवड्यांनंतर मापावरून वय काढायला गेलं तर तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकतात. आता अमळनेरच्या डॉक्टरसमोरची अडचण बघा. आठव्या महिन्यातल्या एकुलत्या एका कागदावर मापानुसार ३४ आठवडे लिहिलेत आणि बाई सांगते त्या पाळीच्या तारखेने ३७ होतात. बाळ खरोखर तीन आठवड्यांनी मागे पडलंय की पाळीची तारीखच चुकली आहे? पहिल्या अर्थाने बाळाला धोका आहे आणि कदाचित लवकर बाळंतपण करावं लागेल. दुसऱ्या अर्थाने सगळं ठीक आहे, आणि घाईने कळा आणल्या तर कच्चं बाळ जन्माला येईल. हे कोडं आठव्या महिन्यात कितीही भारी मशीन आणलं तरी एका सोनोग्राफीने सुटत नाही. ते पाच-सहा महिन्यांपूर्वीच्या एका कागदाने सुटतं. पाळीची तारीख ‘संक्रांतीच्या आगेमागे’ अशी आठवणाऱ्या, किंवा अंगावर पाजताना पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बाईसाठी तर त्या कागदाला पर्यायच नाही.

याच सोनोग्राफीत आणखी दोन गोष्टी पदरात पडतात. जुळं असेल तर दोन्ही बाळांची वार वेगळी की सामाईक, हे १४ आठवड्यांच्या आत जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुढे दिसत नाही. एका वारेवर दोन जीव पोसले जात असतील तर एकाच्या वाट्याचं रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते. वारा वेगळ्या असतील तर इतकी धावपळ लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एन.टी., बाळाच्या मानेमागच्या पातळ द्रवपट्ट्याची जाडी. तिच्या जोडीला डबल मार्कर ही रक्ततपासणी केली तर डाउन सिंड्रोमची शक्यता वर्तवता येते. शक्यताच, निदान नव्हे. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ शब्द बघून घरात रडारड होते, पण त्याचा अर्थ पुढची पक्की तपासणी करायची का ते ठरवा, एवढाच असतो. विसाव्या वर्षी ही शक्यता साधारण दीड हजारात एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. डबल मार्कर करावा की नाही, हे जोडप्याने ठरवावं, आणि ठरवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: उत्तर वाईट आलं तर आपण पुढची तपासणी करणार आहोत का? ‘नाही’ असं ठाम उत्तर असेल तर रक्ततपासणी टाळली तरी चालेल. सोनोग्राफी मात्र टाळू नये, कारण वयाचा आणि जुळ्यांचा प्रश्न तरीही उरतोच. अडचण आहे ती आपल्याकडच्या एका सवयीची. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, या समजुतीपायी पहिली भेटच चौथ्या-पाचव्या महिन्यात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या माता ७० टक्के होत्या, म्हणजे दहांतल्या तिघींच्या फायलीत हा कागद असण्याची शक्यताच नव्हती. शेजारणींना सांगू नका हवं तर, पण डॉक्टरला सांगा.

दुसरी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची. दवाखान्यात तिला ॲनोमली किंवा टार्गेट स्कॅन म्हणतात. ताका उजेडावर धरून कापडातला दोष शोधावा तसं इथे बाळ अवयवागणिक तपासतात: कवटी, मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, पोटाची भिंत, मूत्रपिंडं, हातपाय. यात सगळं दिसतं हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने या तपासणीकडून ठेवलेली अपेक्षाच बोलकी आहे. कवटीच तयार न होण्याचा दोष ९८ टक्के वेळा सापडावा, कण्याचा उघडा दोष ९० टक्के, दुभंगलेला ओठ ७५ टक्के आणि हृदयाचे गंभीर दोष फक्त ५० टक्के. हृदयाच्या बाबतीत ‘नॉर्मल’ लिहिलेल्या कागदाचा अर्थ ‘दिसण्यासारखं होतं त्यात काही वावगं दिसलं नाही’ एवढाच घ्यायचा. घरात कुणाला जन्मतः हृदयविकार असेल किंवा आईला दिवस जाण्याआधीपासून मधुमेह असेल, तर बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, फीटल इको, मागून घ्यावी.

ही तपासणी २२-२३ आठवड्यांवर न ढकलता १८-२० मध्येच का करायची, याचं उत्तर कायद्यात आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्याने मर्यादा २० आठवड्यांची ठेवली होती. २००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयातला गंभीर दोष चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळला. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या प्रकरणाने सुरू झालेली चर्चा तेरा वर्षं चालली. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली, आणि बाळात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची अट काढून टाकली. मग आता घाई कशाला, असं कुणी विचारेल. घाई यासाठी की संशय आल्यानंतरची कामं वेळखाऊ असतात: दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, इको, गर्भजलाची तपासणी आणि तिच्या अहवालाची दोन-तीन आठवड्यांची वाट, मग मंडळापुढे कागद. आणि समजा गर्भ ठेवायचाच असं ठरलं, तरी मोठ्या शहरात, नवजात बाळावर शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी बाळंतपणाची तजवीज करायला हाच वेळ कामी येतो. अशा वेळी माहेरी जायचा रिवाज बाजूला ठेवावा लागेल, आणि हे सासू-आईला समजावायलाही वेळ लागतो.

सोनोग्राफीने बाळं वाचतात का, या साध्या प्रश्नाला अभ्यासांनी दिलेली उत्तरं वरकरणी परस्परविरोधी आहेत. फिनलंडमधल्या हेलसिंकी इथे ९ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ ते २० आठवड्यांत सरसकट सोनोग्राफी केलेल्या गटात जन्माच्या आगेमागे होणारे बालमृत्यू हजारी ४.६ होते, तर दुसऱ्या गटात ९. तीनच वर्षांनी अमेरिकेतल्या १५ हजार स्त्रियांच्या ‘रेडियस’ चाचणीत काहीच फरक दिसला नाही. कारण शोधलं तर गोष्ट उलगडते. हेलसिंकीतला फरक मुख्यतः मोठी व्यंगं वेळेत सापडल्यामुळे आणि त्या जोडप्यांनी गर्भपात निवडल्यामुळे होता. अमेरिकेत २४ आठवड्यांच्या आत व्यंगं सापडण्याचं प्रमाणच जेमतेम १७ टक्के होतं. म्हणजे तपासणारा हात कसलेला नसेल तर तपासणीचा आकडा वाढवून काही हाती लागत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फर्स्ट लुक’ अभ्यासात पाकिस्तान, केनिया, काँगो, झांबिया आणि ग्वाटेमालातल्या ग्रामीण भागांत सोनोग्राफी नेली, तरी माता आणि बाळांचे मृत्यू घटले नाहीत. मशीन गावात पोचलं म्हणून रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग पोचत नाही. सोनोग्राफी उपचार करत नाही, ती निर्णयाला वेळ देते, आणि त्या निर्णयामागे उभं राहणारं काही नसेल तर तो वेळ फुकट जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जास्त केल्या तर बिघडलं कुठे? एक्स-रे तर नाही ना! ते खरं आहे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात धातूतले तडे शोधणारं ध्वनियंत्र पाहिलं, शरीरातून काढलेल्या गाठी त्यावर तपासून बघितल्या, आणि १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निबंध छापला. तेव्हापासून आजवर नेहमीच्या तपासणीतल्या ध्वनिलहरींनी बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत रक्तप्रवाह मोजणारं डॉपलर विनाकारण वापरू नये, एवढी सावधगिरी तज्ज्ञ सांगतात. तेव्हा लहरींची भीती नको. धास्ती घ्यायची ती कागदावरच्या शब्दांची. ‘पाणी कमी आहे’ हे वाक्य घ्या. गर्भाशयातलं पाणी मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मिळवतात, दुसरीत सगळ्यांत खोल असलेला एकच कप्पा मोजतात. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा असं दिसलं की चार भागांच्या पद्धतीने जास्त बायकांचं पाणी ‘कमी’ ठरतं, जास्त जणींना कळा आणल्या जातात, आणि बाळांचा फायदा मात्र काहीच होत नाही. बाई तीच, पाणी तेवढंच, फरक फक्त मोजण्यात. ‘वार खाली आहे’ हे विसाव्या आठवड्यात ऐकलेल्या दहांतल्या नऊजणींची वार गर्भाशय वाढता वाढता आपोआप वर सरकते. ‘नाळेचा वेढा’ तर जन्मणाऱ्या चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती असतोच आणि बहुतेक वेळा सुईण किंवा डॉक्टर तो बोटाने सोडवतात. आणि नवव्या महिन्यात सांगितलेलं वजन १०-१५ टक्क्यांनी चुकू शकतं. म्हणजे ३ किलो लिहिलेलं बाळ अडीच-पावणेतीनचंही असेल आणि साडेतीनला टेकणारंही. हे सगळे शब्द फायलीत शिरले की सिझरची पायवाट तयार होते. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. या तफावतीचा सगळा दोष सोनोग्राफीवर ढकलता येणार नाही, त्यात पैसा आहे, भीती आहे, वेळेची सोय आहे. पण कारणाविना केलेली सोनोग्राफी त्या भीतीला छापील आधार देते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: श्रीमंतांच्या बायका दर महिन्याला करतात, मग माग चालवणाऱ्याच्या बायकोला दोनच का? यावर उत्तर असं की ब्रिटनमध्ये सरकार प्रत्येक गरोदर बाईला फुकट देतं त्या नियमित सोनोग्राफ्याही दोनच आहेत, आणि जवळपास याच आठवड्यांतल्या. फ्रान्समध्ये तीन आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांच्या आत एक तरी व्हावी असं सुचवलं, आणि ज्यांची लवकरची सोनोग्राफी झाली आहे त्यांना २४ आठवड्यांनंतर सरसकट पुन्हा करण्याची तिची शिफारस नाही. आठव्या महिन्यात दोष सापडल्याची उदाहरणं असतात, हे मान्य. मेंदूतलं पाणी, हाडांची खुंटलेली वाढ यांसारखे काही विकार उशिराच दिसतात. पण त्यासाठी हजारोजणींची सोनोग्राफी करून जितकं सापडतं त्याच्या कैक पटींनी खोट्या धोक्याच्या घंटा वाजतात. त्याऐवजी प्रत्येक भेटीत टेपने पोटाची उंची मोजणं, रक्तदाब घेणं आणि बाळाची हालचाल विचारणं हे स्वस्त काम नीट झालं तर कुणाला पुढची सोनोग्राफी हवी ते कळतं. पोट आठवड्यांच्या मानाने कमी भरतंय, रक्तदाब किंवा साखर वाढली, जुळं आहे, आधीचं बाळ कमी वजनाचं झालं होतं, रक्त जातंय, आधी सिझर झालंय आणि वार खाली आहे, बाळ हलेनासं झालंय: यांतलं काही असेल तर दोनचा हिशोब विसरावा आणि सांगतील तितक्या कराव्या. सुरुवातीलाच पोटात एका बाजूला दुखणं किंवा रक्तस्राव असेल तर अकराव्या आठवड्याची वाटही बघायची नाही, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं. ‘थ्रीडी-फोरडी’त बाळाचं तोंड बघायची हौस मात्र कारणांच्या यादीत बसत नाही.

ही यादी माझी नाही, कायद्याची आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. त्यामागे सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांची सर्वोच्च न्यायालयातली याचिका होती. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी भरायचा ‘फॉर्म एफ’ याच कायद्याचा. त्यात सोनोग्राफी का केली याची तेवीस कारणं नमूद आहेत, आणि कारण असेल तरच सोनोग्राफी करावी असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे हा फॉर्म म्हणजे दारावरची पोलीस चौकी समजली जाते: आधारकार्ड द्या, सही करा, अंगठा उठवा, मोकळे व्हा. सुरतेत तो गुजरातीत समोर आला तर मराठी शाळेत शिकलेली बाई काय वाचणार? तिने विचारावं, ‘डॉक्टरसाहेब, यात माझं कारण कोणतं लिहिलंय?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, फॉर्मच तो विचारतो. आणि चौकी का बसवावी लागली, हेही विसरायला नको. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे सुरत जिल्ह्यात ८३५ मुली होत्या आणि जळगाव जिल्ह्यात ८४२. निसर्गतः हा आकडा ९५० च्या आसपास असतो. रेल्वेच्या दोन्ही टोकांना हिशोब सारखाच. म्हणून सोनोग्राफीच कमी करा असं काहीजण म्हणतात, पण त्यात लवकरची, खरी कामाची तपासणीच संशयाखाली सापडते. गुन्हा लिंग विचारण्यात आणि सांगण्यात आहे, बाळाचं वय मोजण्यात नाही.

सोनोग्राफीला काय दिसत नाही, हेही फायलीत शोधावं. कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतल्या ६२.६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि हिमोग्लोबिन पडद्यावर दिसत नाही. सुरत, तापी, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. भिल्ल, पावरा, वसावा, गामित, चौधरी कुटुंबांत नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळाचं नखशिखांत ‘नॉर्मल’ चित्र त्याबद्दल अक्षरही बोलत नाही, एक साधी रक्ततपासणी बोलते. पैशांची ओढाताण असेल तर पाचवी सोनोग्राफी सोडून आधी ही तपासणी करावी. सरकारी दवाखान्यांत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईची सोनोग्राफीही मोफत आहे, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचा खास दिवस असतो, आणि सुरतेत महापालिकेचं स्मीमेर व मजुरागेटची नवी सिव्हिल ही दोन्ही मोठी रुग्णालयं आहेत. गर्दी असते, रांग असते, म्हणून अकराव्या आठवड्याची चौकशी आठव्यातच करून ठेवलेली बरी.

सातव्या महिन्यात उधन्याला गाडीत बसण्याआधी फाइल उघडून बघावी. काळ्या-पांढऱ्या चित्राचा तो गुळगुळीत कागद थर्मल असतो. तो उन्हाने, उष्णतेने फिका पडतो, आणि हौसेने लॅमिनेशन केलं तर काळा ठिक्कर होतो. तो गेला तरी चालेल. पहिल्या सोनोग्राफीचा टाइप केलेला अहवाल मात्र जपायचा. त्यावर तपासणीची तारीख आणि ‘सीआरएल’पुढे, म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीपुढे, मिलिमीटरमधला आकडा असतो. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आईच्या फोनवर पाठवावा. माहेरी पोचल्यावर ‘बाळ बराबर शे ना?’ असं आई विचारेल, आणि तिथले डॉक्टर पहिल्यांदा तोच आकडा मागतील.